उशाशी बसणारी

डॉक्टर सुचेता देवतळे नागपूरहून ग्लासगोला आली तेव्हा भूलशास्त्रातली एम.डी. तिच्या गाठीशी होती. इथली परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली आणि कर्णिकांच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली तिने भाड्याने घेतली. वर्षभरात आपण एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार होऊ याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नव्हती. पण सामान नीट लागतं न लागतं तोच सरकारने नियम बदलले. ट्रेनिंगच्या जागा आधी इथल्या आणि युरोपातल्या डॉक्टरांना, मग उरल्या तर बाकीच्यांना. उरतच नाहीत, हे कळायला सुचेताला दोन हिवाळे जावे लागले. मधूनच एखाद्या लहान गावच्या हॉस्पिटलात कुणी रजेवर गेलं की थोडे आठवडे काम मिळायचं. ते संपलं की पुन्हा वरची खोली, अर्ज आणि खिडकीतून दिसणारं राखाडी आकाश.

कमलाकरकाका कर्णिक तरुणपणी क्लाइड नदीकाठच्या जहाजाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले होते आणि इथलेच झाले होते. यमुनाकाकू सुचेताला भाडेकरू मानतच नसत. घरात भाजी झाली की तिचं पान असायचंच. त्यांची एकुलती एक मुलगी अक्षया. जन्म ग्लासगोचा, शाळा ग्लासगोची, इंग्रजी तर असं की सुचेताला पहिले दोन महिने ती काय बोलते तेच कळेना. मराठी तिला सगळी समजायची, पण बोलताना लिंगांचा पार चुथडा व्हायचा.

अक्षयाने बायोमेडिकल सायन्सची पदवी घेतली होती आणि ती एका नव्याच व्यवसायाचं शिक्षण घेत होती. अनेस्थेशिया प्रॅक्टिशनर. नाव अजून नीट ठरलंही नव्हतं. हॉस्पिटलात कुणी असिस्टंट म्हणे, कुणी प्रॅक्टिशनर. विज्ञानाच्या पदवीधराला नाहीतर अनुभवी नर्सला दोन-सव्वादोन वर्षं विद्यापीठात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये घोटून तयार करायचं, आणि मग त्याने भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या देखरेखीखाली रोग्याच्या उशाशी बसून भूल सांभाळायची. भूल देताना आणि उतरवताना डॉक्टर हजर. मधल्या वेळात डॉक्टर शेजारच्या थिएटरमध्ये असली तरी चालेल, पण हाकेच्या अंतरावर. औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. डॉक्टरने आधी ठरवून दिलं असेल तेवढंच द्यायचं.

"म्हणजे विमान चालवायचं, पण कुठे न्यायचं ते विचारून," असं कमलाकरकाका म्हणायचे.

अक्षयाची शेवटची परीक्षा जवळ आली तेव्हा ती घाबरून गेली होती. "सुचेताताई, माझा परीक्षा खूप वाईट जाणार आहे," असं म्हणत ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसली, आणि सुचेताला राहवलं नाही. त्या दिवसापासून रोज जेवणं झाली की टेबलावर शिकवणी सुरू व्हायची. काकूंची चहाची गाळणी, रबरी नळी, नारळाची करवंटी, जे हाताला येईल त्यातून सुचेता तिला श्वसनमार्ग समजावून सांगायची. प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची. नागपूरला ती ज्युनिअर मुलांना शिकवायची, तीच धार तिच्या आवाजात परत आली होती. तो हिवाळा तिला बरा गेला.

अक्षया पास झाली आणि जवळच्याच हॉस्पिटलात तिला नोकरीही मिळाली. काकूंनी घरी पेढे केले, मराठी मंडळातल्या लोकांना बोलावलं, आणि सगळ्यांना सांगितलं, "आमची अक्षया भूलतज्ज्ञ झाली!"

"आई, मी डॉक्टर नाही आहे," अक्षया म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सुचेताने पेढा खाल्ला, अक्षयाच्या पाठीवर हात ठेवला आणि वर निघून गेली. त्यानंतर तिच्या मनात काहीतरी आंबत गेलं. सकाळी गणवेशाची पिशवी घेऊन अक्षया लगबगीने बाहेर पडायची, आणि सुचेता खिडकीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहायची. एकदा मैत्रिणीशी फोनवर बोलताना तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, इथे भूल द्यायला डॉक्टर नकोत. डॉक्टरच्या हाताखालच्या पोरी चालतात." दार उघडं होतं आणि अक्षया जिना चढत होती. ती नुसती परत खाली गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं मीठ दे, दूध आणलंय, एवढ्यावर आलं.

फेब्रुवारीत एका सकाळी सुचेता पोस्टात निघाली होती. फुटपाथवर रात्री बर्फ गोठून काचेसारखा झाला होता. तो डोळ्यांना दिसत नाही, पायालाच कळतो, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तिचा उजवा पाय सटकला, अंगाखाली दुमडला, आणि काडकन आवाज आला. घोटा भलत्याच दिशेला वळलेला पाहून तिने स्वतःच निदान केलं, आणि मग तिला घेरी आली.

हॉस्पिटल तेच होतं, अक्षयाचं. पट्ट्या, एक्स-रे, सलाइन सगळं झालं. घोट्याची दोन्हीकडची हाडं मोडली होती. प्लेट आणि स्क्रू घालावे लागणार होते. सूज वाढायच्या आत, दुसऱ्या दिवशी दुपारीच करू, असं सर्जन मिस्टर लॉरी सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात भूलतज्ज्ञ आल्या. डॉक्टर मॉइरा केर. पन्नाशीच्या, आखूड पांढरे केस, बोलायला मोजक्या. त्यांच्या मागे अक्षया उभी होती.

"मी आधीच एक सांगते," अक्षया इंग्रजीत म्हणाली, अगदी औपचारिक आवाजात. "माझं नाव अक्षया कर्णिक. मी अनेस्थेशिया प्रॅक्टिशनर आहे. मी डॉक्टर नाही. आज या थिएटरमध्ये डॉक्टर केर यांच्या देखरेखीखाली माझी ड्युटी आहे. तुम्ही आमच्या घरी राहता आणि तुम्ही मला शिकवलं आहे, हे मी डॉक्टर केर यांना सांगितलंय. तुम्हाला मी नको असेन तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे." मग ती वाकून हळूच मराठीत म्हणाली, "ताई, खरंच. तू नाही म्हणाली तर मला राग नाही येणार."

सुचेताला आधी वाटलं, हे बरंच झालं. ती डॉक्टर केरना म्हणाली, "मला डॉक्टरच हवी. पूर्ण वेळ."

डॉक्टर केरनी मान हलवली. "ठीक आहे. मणक्यात सुई मीच घालणार, काही झालं तरी. पण त्यानंतर मला शेजारच्या थिएटरमध्ये खुब्याची केस आहे. पूर्ण वेळ डॉक्टर हवी असेल तर उद्या रजिस्ट्रार मोकळा होईल. मिस्टर लॉरींना आजच करायचंय, पण एक दिवस थांबलं तर आभाळ कोसळणार नाही. तुम्हीच ठरवा. आमच्यापैकी कुणालाही वाईट वाटणार नाही."

डॉक्टर केर खिडकीपाशी जाऊन चार्ट वाचत उभ्या राहिल्या. घाई कुणीच केली नाही. सुचेता छताकडे पाहत पडून राहिली. सूज वाढली तर जखम भरायला त्रास होईल, हे तिला माहीत होतं. आणि दुसरंही एक माहीत होतं. या मुलीला काय येतं आणि काय येत नाही, हे हॉस्पिटलातल्या कुणाहीपेक्षा तिला चांगलं ठाऊक होतं. 'नाही' म्हणायला खरं कारण फक्त एकच होतं, आणि ते घोट्यात नव्हतं.

"आजच करा," ती म्हणाली. "पण मला झोपवू नका. मला जागं राहायचंय."

"का?" डॉक्टर केरनी विचारलं.

"मला बघायचंय."

केर पहिल्यांदाच हसल्या. "भूलतज्ज्ञ पेशंट असले की हे असंच असतं."

थिएटरमध्ये सगळं ओळखीचं होतं आणि सगळं उलटं होतं. आयुष्यभर तिने वरून पाहिलेलं जग ती आज खालून पाहत होती. दिवे, नळ्या, मास्कमधले चेहरे. तिला बसवून पाठ वाकवायला लावली. अक्षया समोर उभी राहिली, तिचे दोन्ही खांदे धरून. "माझ्यावर टेक. पूर्ण. अजून." सुई गेली. पाय आधी ऊबदार झाले, मग जड, मग जणू तिचे राहिलेच नाहीत. बर्फाच्या तुकड्याने भूल कुठपर्यंत चढली ते केरनी तपासलं, अक्षयाला दोनतीन वाक्यांत सूचना दिल्या. रक्तदाब उतरला तर हे औषध, एवढं. त्याने भागलं नाही किंवा नाडी मंदावली तर मला बोलाव. आणि त्या शेजारी गेल्या.

मध्ये हिरवा पडदा ताणला. अक्षया उशाशी स्टुलावर बसली.

"मॉनिटर दिसू देऊ का? की नको?"

"दिसू दे."

अक्षयाने मॉनिटर थोडा वळवला. सुचेता आकड्यांकडे पाहू लागली. पडद्यापलीकडे ड्रिलचा आवाज सुरू झाला. अक्षया दर थोड्या वेळाने आकडे टिपून ठेवत होती, सलाइनकडे नजर टाकत होती, नळीवरून बोट फिरवत होती. मध्येच विचारत होती, थंडी वाजतेय का, उशी नीट आहे का. बाकी ती गप्प होती. सुचेताला आठवलं, आपण ज्युनिअर असताना सिनिअर सांगायचे, भूल देणारा माणूस कंटाळलेला दिसला पाहिजे आणि कंटाळलेला नसला पाहिजे. मुलगी अगदी तशीच दिसत होती.

बराच वेळ असाच गेला. मग सुचेताला मळमळू लागलं. तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर घाम आला. तिने मॉनिटरकडे पाहिलं. रक्तदाब घसरत होता. तिने वळून काही बोलायच्या आत अक्षया उठली होती. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर आला, सलाइन जोरात सोडलं गेलं, ठरवून दिलेलं औषध नळीतून गेलं. रक्तदाब जरासा वर आला, पण नाडी मात्र उतरतच होती. साठ. पन्नास. त्याच्याही खाली.

अक्षयाने भिंतीवरचं बटण दाबलं. "डॉक्टर केर, थिएटर तीनमध्ये या, प्लीज. आत्ता."

"अ‍ॅट्रोपीन," सुचेता मास्कमधून मराठीत पुटपुटली. "अ‍ॅट्रोपीन दे. तिथेच आहे ट्रेमध्ये. दे!"

"मला माहीत आहे, ताई. भरून ठेवलाय. तिला बोलावलंय." अक्षयाचा एक हात तिच्या मनगटावर होता. "तू आज पेशंट आहेस. बोलू नको. श्वास घे."

मग ती पडद्याकडे वळली. "मिस्टर लॉरी, एक मिनिट थांबा."

"दोनच स्क्रू राहिलेत," पलीकडून आवाज आला.

"थांबा, प्लीज. हात काढा."

आवाज चढला नव्हता. पण त्यात विनंतीही उरली नव्हती. पलीकडे क्षणभर कुणी हललं नाही, आणि मग हत्यार ट्रेवर ठेवल्याचा आवाज आला. सुचेताचे डोळे मिटत होते, तरी तो आवाज तिने नीट ऐकला. त्यांच्या व्यवसायात औषधं शिकता येतात, हात बसवता येतो. चालू ऑपरेशनमध्ये सर्जनला थांबा म्हणणं पुस्तकात नसतं. ते तिने गाळणी आणि करवंटी घेऊन शिकवलं नव्हतं. ते पोरीने कुठेतरी आपलं आपण कमावलं होतं.

दार उघडलं. केर आल्या, मॉनिटर पाहिला, अक्षयाने एका वाक्यात काय झालं, काय दिलं ते सांगितलं. केर म्हणाल्या, "अ‍ॅट्रोपीन," आणि अक्षयाने तयार सिरिंज त्यांच्या हातात दिली. जरा वेळाने नाडी वर आली, मळमळ ओसरली, छतावरचे दिवे पुन्हा आपापल्या जागी स्थिर झाले. केरनी नोंदीखाली सही केली, "थँक्स, अक्षया," एवढंच म्हणाल्या, थोडा वेळ उभ्या राहून पाहिलं आणि परत गेल्या. मिस्टर लॉरींनी राहिलेले स्क्रू बसवले. त्यात विशेष असं काही घडलं नव्हतं. अशा गोष्टी थिएटरमध्ये होतच असतात.

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर घरी जाऊन अक्षया वॉर्डात आली. डबा होता हातात. काकूंनी मऊ खिचडी पाठवली होती. सुचेताने दोन घास खाल्ले आणि डबा बाजूला ठेवला.

"मला तुझा खूप राग आला होता," ती म्हणाली. "तिथे पडल्या पडल्या."

"मला वाटलंच."

"औषध तुला माहीत. मला माहीत. सिरिंज भरलेली. आणि आपण दोघी दाराकडे बघत बसलो. कशासाठी?"

अक्षया खुर्चीत पाय वर घेऊन बसली. "कारण ठरवणं माझं काम नाही. ताई, बघ, तू खरंच जात असती ना, म्हणजे हार्ट थांबला असता, तर मी दिला असता. त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण तू तितकी वाईट नव्हती. केर शेजारीच होती. ती येते, म्हणून मी तिथे बसू शकते. ती येणार नाही अशा ठिकाणी मी एक मिनिट बसणार नाही."

"तुला त्रास नाही होत? सगळं येत असून विचारावं लागतं त्याचा?"

"कधी कधी होतो." तिने विचार केला. "पण सगळं नाही येत मला. तू आठ-नऊ वर्षं शिकलीस, रात्रंदिवस. मी तेवढं शिकले नाही. जेवढं शिकले तेवढं मला नीट येतं. मला हा काम आवडतो, ताई."

"हे काम आवडतं," सुचेता सवयीने म्हणाली.

"हे काम आवडतं."

दोघी हसल्या. मग सुचेता म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मी जे बोलले, जिन्यात तू ऐकलंस ते... माझं चुकलं."

"हाताखालची तर आहे ना मी." अक्षयाने खांदे उडवले, पण तिचे डोळे भरले होते. "मला वाईट वाटलं ते त्याचं नाही. तू डॉक्टर आहेस आणि घरी बसलीस. मी रोज सकाळी निघायचे ना, मला लाज वाटायची. जणू मी तुझा कायतरी घेतलं."

सुचेताने हात पुढे केला. तिने अक्षयाचा हात धरून ठेवला. नर्स औषधं घेऊन आली तोवर.

घरी आल्यावर प्लॅस्टरमधला पाय घेऊन जिना चढणं शक्यच नव्हतं. काकाकाकूंनी खालच्या बैठकीत तिचा पलंग लावला. दिवस हळूहळू लांबत होते. अक्षया कामावरून आली की पलंगाच्या कडेला बसून दिवसभरातल्या केसेस सांगायची आणि सुचेता बारीकसारीक प्रश्न विचारायची. विचारता विचारता तिला कळायचं की आपली बोटं पांघरुणावर हलतायत, जबडा उचलल्यासारखी, मास्क धरल्यासारखी. पडून राहायला वेळच वेळ होता, आणि तिने पहिल्यांदाच स्वतःला नीट विचारलं, की आपल्याला ग्लासगो हवंय, की उशाशी बसायला मिळायला हवंय? इथे कधीतरी जागा मिळेल या आशेवर दोन वर्षं हात जवळजवळ रिकामेच ठेवले होते. अजून दोन ठेवायचे का?

एका रविवारी मंडळातल्या सुलक्षणाबाई भेटायला आल्या. चहा घेता घेता काकूंना म्हणाल्या, "बरं झालं बाई, घरात दोन दोन डॉक्टर."

काकूंनी तोंड उघडायच्या आत सुचेता म्हणाली, "डॉक्टर मी एकटीच. अक्षया अनेस्थेशिया प्रॅक्टिशनर आहे. ते वेगळं काम आहे."

"म्हणजे मदतनीस?"

"डॉक्टर भूल ठरवते आणि देते. अक्षया ती सांभाळते. पेशंटजवळून हलत नाही. माझ्या ऑपरेशनला तीच होती." सुचेताने कप खाली ठेवला. "मी तिला पुन्हा बसू देईन."

काकूंनी रिकामे कप उचलले. सुलक्षणाबाई गेल्यावर त्यांनी दोनदा विचारून ते नाव नीट पाठ करून घेतलं.

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात सुचेताने नागपूरला तिच्या जुन्या विभागप्रमुखांना फोन लावला. ते कधीपासून म्हणत होते, लेक्चररची जागा आहे, ये. ती टाळत होती. या वेळी ती म्हणाली, "सर, मी येते." फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली.

मे महिन्यात ती निघाली. जायच्या आदल्या दिवशी अक्षयाने सुट्टी काढली आणि दोघी क्लाइडच्या काठाने हळूहळू चालल्या. सुचेता अजून किंचित लंगडत होती. ऊन पडलं होतं आणि सगळं शहर गवतावर येऊन लोळत होतं.

"तू हरून चाललीस असं लोक म्हणतील," अक्षया म्हणाली.

"म्हणू देत. थोडी हरलेच आहे." सुचेता एका बाकावर टेकली. "पण सोमवारी मी थिएटरमध्ये असेन."

सोमवारी नाही, पण त्याच्या पुढच्या आठवड्यात ती होती. पहिली केस हर्नियाची, एका शाळामास्तरांची. उकाड्याने जीव जात होता, कूलर घरघरत होता, आणि कितीतरी महिन्यांनी तिने कुणाच्या तरी जबड्याखाली बोटं घातली. मास्तरांचा श्वास संथ झाला, श्वासाची पिशवी तिच्या मुठीत फुगली, आकसली. ती तिच्या चढउताराकडे पाहत राहिली. सर्जनने विचारलं, "सुरू करू का मॅडम?" तेव्हा भानावर येऊन म्हणाली, "करा."

त्या रविवारी तिने ग्लासगोला फोन केला. अक्षया सांगत होती की हॉस्पिटलने आणखी दोन जणांना शिकायला घेतलंय आणि केर बाईंनी त्यांना शिकवायचं काम तिच्यावर टाकलंय. "ताई, मला शिकवता येत नाही. मी काय सांगू त्यांना?"

"आधी गप्प बसायला शिकव," सुचेता म्हणाली. "मग थांबा म्हणायला."

अक्षया हसली. तेवढ्यात काकूंनी तिच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, नागपुरात ऊन फार आहे का, आणि पाय आता दुखतो का.